संक्रांतीच्या वाणाला घरचं बाथ सॉल्ट: कृती, अनुभव, शंका

तापीकाठ

मार्गशीर्ष लागला की आमच्या चोपडा तालुक्यात वावरावावरात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात आणि घराघरात टाचा फुटायला लागतात. कापसाची वेचणी चालू असते. सकाळी दवात पाय ओले, दुपारी ढेकळांत कोरडे, आणि रात्री सातपुड्यावरून उतरणारी थंडी. माझ्या सासूबाई वेचणीहून आल्या की बंबातलं गरम पाणी टबात घ्यायच्या, मूठभर जाडं मीठ टाकायच्या आणि पाय सोडून बसायच्या. तेच जरा पुढे नेऊन मी दोन वर्षांपासून घरी बाथ सॉल्ट बनवते. यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून चाळीस बरण्या द्यायचं ठरवलंय. डबे आणि गाळण्या देऊन-घेऊन झाल्या, त्या कपाटातच पडून राहतात.

धागा काढायचं कारण असं की घरासाठी बनवणं वेगळं आणि चाळीस घरांत देणं वेगळं. घरात कोणाच्या पायाला काय झालंय ते मला माहीत असतं. वाणाची बरणी घरी गेल्यावर कोण उघडेल ते माहीत नसतं. म्हणून माझी कृती लिहिते, खटकेल ते स्पष्ट सांगा.

एक किलोसाठी ६०० ग्रॅम एप्सम सॉल्ट, ३०० ग्रॅम जाडं मीठ, १०० ग्रॅम खाण्याचा सोडा. जाडं मीठ आधी लोखंडी कढईत मंद आचेवर परतून घ्यायचं. सुरुवातीला ते तडतडतं, एखादा खडा कढईबाहेरही उडतो. तडतड थांबली आणि उलथनं फिरवताना वाळूसारखा कोरडा आवाज यायला लागला की उतरवायचं. आपलं जाडं मीठ हवेतली ओल फार ओढतं, ते असं कोरडं केलं नाही तर बरणीत पाणी सुटतं. मीठ पूर्ण गार झाल्यावरच बाकीचं मिसळायचं. शेवटी दोन चमचे खोबरेल तेलात वीसेक थेंब लॅव्हेंडरचं तेल घालून ते सगळ्या मिश्रणाला हाताने चोळते. वर सावलीत वाळवलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या.

आता माझी फजिती सांगते, कारण त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही. गेल्या मे महिन्यात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. वाटलं, एप्सम सॉल्टही वाळवून ठेवावं म्हणजे पावसाळ्यात गोळा होणार नाही. जुन्या धोतरावर दोन किलो पसरलं. काचेसारखे चकचकीत खडे होते. संध्याकाळी बघते तर सगळे पांढरेफटक, बोटात धरले की पिठासारखे चुरा होणारे. वजन केलं तर सव्वासतराशे ग्रॅम भरलं. उडालं कुठे? आणि आषाढात त्याच डब्यातलं मीठ दगड झालं, बत्त्याने फोडून काढावं लागलं.

वावरवाटा

ताई, कृती छान. माझ्याकडे कपाशीच्या लाल्यासाठी (पानं लाल पडतात त्यासाठी) आणलेल्या मॅग्नेशियम सल्फेटची अर्धी गोणी पडून आहे. भाऊ म्हणतो एप्सम सॉल्ट म्हणजे तेच. मग बाहेरून आणायची काय गरज? चाळीस बरण्या त्यातच निघतील.

प्रयोगशाळा_सहायक

तापीकाठताई, तुमची फजिती नाही ती, तो सरळ रसायनशास्त्राचा प्रयोग झाला. मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो, तिथे हा प्रयोग मुलांना मुद्दाम करून दाखवतात.

एप्समच्या खड्यात मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. खडा हाताला कोरडा लागतो, पण वजनाच्या हिशोबाने त्यात ५१ टक्के पाणीच असतं. म्हणजे एक किलो एप्सम सॉल्ट आणलं तर अर्धा किलोपेक्षा जास्त पाणी आणलं. हेच पाणी खड्याला आकार आणि चकाकी देतं. साधारण ४८ अंशांच्या पुढे ते सुटायला लागतं, आणि हवा अगदी कोरडी असेल तर त्याहून कमी तापमानालाही. आपल्याकडे मेमध्ये हवाच ४४-४५ अंशांवर जाते, गच्चीच्या स्लॅबचं तर विचारायलाच नको. सातांतले दोन रेणू गेले तरी दोन किलोचे १७०० ग्रॅम होतात. तुमचं वजन जवळजवळ तेवढंच भरलंय.

ते मीठ खराब झालेलं नव्हतं, उलट वजनाच्या मानाने जास्त तीव्र झालं होतं. पण गेलेलं पाणी ते परत मिळवायला बघतं. पावसाळी दमट हवेत ते ओल ओढत गेलं, खडे पुन्हा बांधले जाताना एकमेकांना चिकटले आणि दगड झाला. तेव्हा जाडं मीठ परता, एप्समला मात्र ऊन किंवा कढई अजिबात दाखवू नका. आणलेलं पाकीट सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं एवढंच.

बियाणे_खते

वावरवाटा भाऊ, कृपा करून गोणीतलं वापरू नका. माझं कृषी केंद्र आहे, रोज विकतो म्हणून सांगतो. भाऊ म्हणतात ते खरं आहे, रेणू तोच. शुद्ध खड्यात मॅग्नेशियम ९.८६ टक्के बसतं, खताच्या गोणीवर साडेनऊच्या आसपास लिहिलेलं असतं. फरक उरलेल्या भागात आहे. खताची तपासणी पिकाच्या दृष्टीने होते. माणसाच्या कातडीला लावायच्या मालात शिसं, आर्सेनिक किती चालेल याचे निकष वेगळे आणि कडक असतात, आणि खताची गोणी त्या निकषांवर तपासलेली नसते.

दुसरं कारण साधं आहे. ती अर्धी गोणी तुमच्या शेडमध्ये कुठे ठेवलीय? नव्वद टक्के घरांत ती फवारणीच्या औषधांशेजारी, उघड्या तोंडाने ठेवलेली असते. कधी तरी त्याच मापाने कीटकनाशकाची पावडर मोजलेली असते. ते मीठ दुसऱ्याच्या लेकरांच्या पायाला द्यायचं का?

मेडिकलवर किंवा केमिकलच्या होलसेल दुकानात ‘मॅग्नेशियम सल्फेट आयपी’ मागा. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपियाच्या निकषाचं. गोणीतलं कपाशीला आणि केळीला घाला, तिथे ते सोन्यासारखं काम करतं.

वावरवाटा

बियाणे_खते भाऊ, शेडमध्ये जाऊन बघितलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, शेजारी दोन बाटल्या आणि गोणीतच खोचलेला जुना मग. आयपीचंच आणतो.

खाणदेशनी_लेक

ताई, मन्ही मायन्या टाचा फुटेल शेतस, रंगत निंघस. कापूस येचाले जास, चप्पल घालत नही. हाई मीठ तिले चाली का? (अहिराणीत लिहिलं, समजून घ्या.)

तापीकाठ

लेकी, अहिराणीत बिनधास्त लिही, आमच्या घरातही तीच चालते.

रक्त येत असेल तर आत्ता मीठ नको. उघड्या भेगेत मिठाचं पाणी किती झोंबतं ते मी स्वतः भोगलंय, आणि त्याने भेग लवकर भरत नाही. सध्या नुसत्या कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, मग मऊ सुती फडक्याने टिपून घ्यायचे, बोटांच्या बेचक्यांतही. पाय पुरते सुकायच्या आत टाचेला व्हॅसलीन नाही तर जाड थर तुपाचा, वरून सुती मोजे आणि झोप. आठवडाभर एक रात्रही चुकवायची नाही. दिवसा वावरात बूट किंवा निदान बंद चप्पल. भेग खोल असेल, लाली चढत असेल, पू दिसत असेल तर डॉक्टरांकडे न्यायचं, घरगुती काही करत बसायचं नाही.

हे सगळ्यांसाठीच लिहिते. मीठ टाच मऊ करतं असं आपण म्हणतो, पण मऊ करतं ते पाणी. मिठाच्या पाण्यातून बाहेर काढलेला पाय तसाच सोडला तर तासाभरात आधीपेक्षा कोरडा पडतो. माझ्या सासूबाई मीठ वापरायच्या, पण त्यांचं खरं औषध नंतरचं होतं: मेण आणि तिळाचं तेल गरम करून केलेलं मलम. त्याची वाटी चुलीशेजारी कायम असायची, आणि तिच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला असायचा.

औषधी_काउंटर

वरच्या प्रतिसादात थोडी भर. मेडिकलवर युरिया असलेलं क्रीम मिळतं, दहापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत. टाचेच्या जाड कातडीला ते चांगलं लागू पडतं, कारण ते पाणी धरून ठेवतं आणि जास्त प्रमाणात असेल तर जाड थर सैलही करतं. रक्त येणाऱ्या भेगेवर मात्र ते झोंबतं, आधी भेग भरू द्यायची. शेतकरी कुटुंबात सांगताना एक गोष्ट स्पष्ट करावी लागते: क्रीमच हवं. गोणीतला युरिया पाण्यात कालवून पाय बुडवणारे मी पाहिलेत.

प्रश्न_पडलेला

एप्सममधलं मॅग्नेशियम कातडीतून शरीरात जातं, झोप लागते, सांधे मोकळे होतात असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते कितपत खरं?

प्रयोगशाळा_सहायक

कातडीचं कामच बाहेरचं बाहेर ठेवण्याचं आहे. मॅग्नेशियमचा कण पाण्यात असताना भोवती पाण्याचं जाड कवच घेऊन फिरतो, तो शाबूत कातडीतून सहज आत शिरत नाही. पंधरा मिनिटांत उपयोग व्हावा इतकं मॅग्नेशियम आत जातं, याला भक्कम पुरावा नाही. आराम मिळतो तो खरा आहे, पण तो कोमट पाण्याचा, रक्ताभिसरणाचा आणि पंधरा मिनिटं शांत बसण्याचा. ताईंनी वाणाच्या चिठ्ठीवर सांधेदुखी, रक्तदाब, झोप असलं काही लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

तापीकाठ

नाही लिहिणार. चिठ्ठीचा विचार केलाच नव्हता खरं तर, आता करते.

केळी_आणि_कळणा

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या मोठ्या काकांना वीस वर्षांची साखर. दोन वर्षांपूर्वी थंडीत पाय दुखतात म्हणून सुनेने प्रेमाने टबात गरम पाणी दिलं, त्यात कोणीतरी भेट दिलेलं सुगंधी मीठ. काका टीव्ही बघत अर्धा तास पाय घालून बसले. त्यांना पाणी कोमटच वाटत होतं. पाय बाहेर काढले तेव्हा दोन्ही घोटे लाल, आणि रात्रीतून डाव्या पायाच्या चवड्याला लिंबाएवढा फोड आला. सुनेने नंतर त्याच पाण्यात हात घातला तर तिला चटका बसला. ती जखम भरायला साडेचार महिने लागले, दोन बोटं थोडक्यात वाचली. ती पोर अजून स्वतःला दोष देते, आणि तिची काहीच चूक नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ताई, चाळीस बरण्या म्हणजे चाळीस घरं. त्यातल्या कितीतरी घरांत साखरेचं माणूस असणार.

औषधी_काउंटर

हे फार महत्त्वाचं आहे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, उष्णता आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचतच नाही. वर रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरत नाही. अशा माणसाने पाय भिजत घालून बसायचंच नाही, मिठाचं असो की साधं पाणी असो. रोज कोमट पाण्याने धुवायचे, लगेच टिपायचे, बेचक्या कोरड्या ठेवायच्या. पाण्याचं तापमान घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर घालून बघायचं, पायाने कधीच नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनीही एप्समपासून लांब राहावं, आणि पोटात तर कोणीच घेऊ नये. जुनी माणसं याला जुलाबाचं मीठ म्हणून ओळखतात. ‘आम्ही पूर्वी घ्यायचो’ असं म्हणत चमचा भरणारे आजोबा असतात घरात.

तापीकाठ

केळी_आणि_कळणा, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांची नावं काढून बसले. फक्त मला माहीत असलेली साखरेची माणसंच अकरा घरांत निघाली. काकांना आणि वहिनींना माझा नमस्कार सांगा.

पापडवाली_वहिनी

माझा प्रश्न छोटा आहे. घरात खाण्याचा सोडा नव्हता, पापडखार भरपूर होता. तो चालेल का? आणि लिंबूफूल घातलं तर पाणी फसफसतं, मुलांना मजा येते, तेही घालू का?

प्रयोगशाळा_सहायक

वहिनी, पापडखार नको. खाण्याचा सोडा सौम्य असतो, त्याच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या थोडा वर. पापडखारात कार्बोनेट असतं आणि ते किती ते डब्यागणिक बदलतं. धुण्याच्या सोड्याच्या दिशेने गेलात तर सामू अकरापर्यंत चढतो. आपली कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, पाचच्या आसपास. पापड लाटून झाल्यावर हात कसे चरचरतात ते आठवा.

लिंबूफूल आणि सोडा पाण्यात पडले की फसफसतात, पण बरणीतही ओल लागली की तेच सुरू होतं. एप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं हे वर लिहिलंच आहे. घट्ट झाकणाच्या बरणीत वायू साठून झाकण उडू शकतं, आणि वाणाची बरणी फोडेपर्यंत त्यातली फसफस निघून गेलेली असते. मुलांसाठी करायचंच तर दोन वेगळ्या पुड्या ठेवा आणि पाण्यातच एकत्र करा.

आणि ताई, मला विचाराल तर वाणाच्या मिठातून सोडा काढूनच टाका. आपल्या बोअरचं पाणी जड. हीटरच्या कॉइलवर महिन्याभरात पांढरा थर बसतो, तो बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच. अशा गरम पाण्यात सोडा टाकला की पाणी गढूळ पांढरं होतं, कारण तोच थर पाण्यात तयार होतो. शिवाय एप्सम आणि सोडा ओलसर एकत्र राहिले तर मॅग्नेशियमचाही पांढरा साका बसतो. पायाला फायदा म्हणाल तर काही नाही.

तापीकाठ

अच्छा, म्हणून माझ्या टबाच्या तळाला पिठासारखं बसायचं! मी समजत होते गुलाबाची धूळ आहे. सोडा काढला.

मिरची_पथारी

आम्ही नंदुरबारकडचे. हंगामात आई आणि मावशी पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, मिरची निवडायला जातात, देठं खुडून हात रात्रभर पेटतात. या मिठाच्या गरम पाण्यात हात घालायला सांगू का?

औषधी_काउंटर

गरम पाणी अजिबात नको, आग वाढेल. मिरचीतलं तिखट तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. आधी हाताला भरपूर गोडंतेल चोळायचं, कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसायचं, मग साबणाने धुवायचं, आणि हे दोन-तीनदा. नंतर गार पाणी. तोवर डोळ्याला, लेकराला हात लावायचा नाही. हंगामात पातळ हातमोजे मिळाले तर उत्तम.

नळ_चार_दिवसांनी

पाय भिजवून उरलेलं पाणी तुळशीला किंवा कढीपत्त्याला घातलं तर चालेल का? आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, टबभर पाणी मोरीत सोडायला जीव होत नाही.

बियाणे_खते

जाडं मीठ असलेलं पाणी झाडाला नको. आपल्या काळ्या मातीत सोडियम साठला की माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, वर पांढरट खपली येते. चोपण जमीन म्हणतो आपण ती हीच. कुंडीत हे फार लवकर होतं. नुसतं एप्सम असतं तर थोडं चाललं असतं. त्या पाण्याने मोरी किंवा अंगणातली फरशी धुवा. आणि मीठ तांब्याच्या बंबात किंवा पितळी घंगाळात टाकू नका, ते धातू खातं. प्लास्टिकचा टब बरा.

आजीचं_बोट

अडावदजवळच्या उनपदेवला कोणी गेलंय का? पौषात आजी आम्हाला घेऊन जायची. गोमुखातून गरम पाणी सतत पडत असतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हा झरा काढला अशी कथा ती वाटेत सांगायची, अंगाचे रोग जातात म्हणायची. थंडीत कुडकुडत कपडे काढायचे आणि त्या पाण्याखाली उभं राहिलं की डोक्यापासून पायापर्यंत ऊब उतरत यायची. त्या पाण्याची आठवण झाली म्हणून लिहिलं.

प्रयोगशाळा_सहायक

एप्सम हे नावही असंच एका गावाच्या पाण्यावरून आलंय. इंग्लंडात सरे परगण्यात ते गाव आहे. १६१८ च्या दुष्काळात एका गुराख्याची तहानलेली गुरंसुद्धा तिथल्या डबक्यातलं पाणी पिईनात, इतकं ते कडू होतं, अशी कथा सांगतात. पुढे लोक त्याच पाण्यासाठी लांबून यायला लागले, आणि नेहेमाया ग्रू या शास्त्रज्ञाने १६९५ मध्ये त्या कडू मिठावर पुस्तिका लिहिली.

नवी_सून

सुगंधासाठी निलगिरी आणि कापूर घातला तर? थंडीत नाक मोकळं होईल. आणि रंगासाठी हळद?

औषधी_काउंटर

घरात लहान मूल असू शकतं म्हणून दोन्ही नको. कापूर थोडा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि बरणीतले खडे खडीसाखरेसारखे दिसतात. निलगिरीचं तेलही बाळांच्या श्वासाला चांगलं नाही. लवंग, दालचिनीची तेलं कातडी जाळतात. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून आपल्या उन्हात गेलं तर डाग पडतात. मुळात तेल पाण्यात विरघळत नाही, मीठ विरघळून जातं आणि तेलाचे थेंब वर तरंगत कातडीला जसेच्या तसे चिकटतात. ताईंनी खोबरेलात मिसळून घातलं ते बरोबर केलं, पण खोबरेलाने न्हाणीची फरशी निसरडी होते. सासूबाईंच्या वयाचं माणूस घसरलं तर?

हळदीने टाचा, टब आणि टॉवेल तिन्ही पिवळे होतील.

तापीकाठ

मंडळी, काल रात्री पहिला घाणा केला. सगळ्यांचं वाचून कृती अशी झाली: एप्सम दोन भाग, परतून गार केलेलं जाडं मीठ एक भाग. सोडा नाही, तेल नाही, रंग नाही. पाकळ्याही काढल्या, एका जुन्या बरणीतल्या पाकळ्यांना बुरशी दिसली. सुगंधासाठी प्रत्येक बरणीत वाळ्याच्या मुळांची बोटभर जुडी दोऱ्याने बांधून खोचली. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा, कडकडीत सुकलेला. आठ दिवस झाकण बंद ठेवलेली नमुन्याची बरणी आज उघडली. वास मंद आहे, पण माठातलं पहिलं पाणी पिताना येतो तसा.

बरणीत पाव किलो. पाच लिटर कोमट पाण्याला शंभर ग्रॅम, म्हणजे अडीच वेळा पुरेल. बादलीने अंघोळ करणाऱ्यांनी पंधरा लिटरला दोन चमचे पुरे. इंटरनेटवरचं दोन कपांचं माप दीडशे लिटरच्या बाथटबाचं असतं, ते आपल्या बादलीत ओतायचं नाही.

चिठ्ठी अशी लिहिलीय, बघा:

‘घरी केलेलं पाय भिजवायचं मीठ. पाच लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी. पाणी आधी कोपराने बघावं. पंधरा मिनिटांनी पाय साध्या पाण्याने धुवून टिपावेत आणि लगेच व्हॅसलीन किंवा तूप लावावं. उघड्या जखमेवर, रक्त येणाऱ्या भेगेवर वापरू नये. खायचं नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी वापरू नये.’

खाणदेशनी_लेक

ताई, मायनी भेग भरनी! बारा दिन व्हयनात, एक रात चुकाडी नही. आता हे मीठ तिला देऊ का?

तापीकाठ

कातडी पूर्ण मिटली असेल आणि दाबल्यावर दुखत नसेल तर दे, आठवड्यातून दोनदा. मोजे आणि व्हॅसलीन मात्र बंद करू नको. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, एक बरणी तुझ्या मायसाठी बाजूला ठेवलीय.

केळी_आणि_कळणा

ताई, चिठ्ठी चांगली आहे. एकच सुचवते. मधुमेहाची ओळ सगळ्यात शेवटी आहे. आमच्या वहिनींनी त्या दिवशी पाकिटावरची पहिली ओळ वाचली आणि पाणी ठेवलं होतं.

तापीकाठ

बरोबर. ती ओळ सगळ्यात वर घेतली, ठळक अक्षरात, आणि साखरेचा आजार असं लिहिलं, कारण आमच्याकडे बायका तेच म्हणतात. त्या अकरा घरांना बरणी देणारच नाही, त्यांना तिळाच्या तेलाची बाटली आणि सुती मोज्यांचा जोड देते.